सात दिवसांचा गट

आईच्या ब्लड प्रेशरचा आलेख मी दर महिन्याला काढत असे. प्रेशर मात्र मी स्वतः कधी मोजलं नाही. मोजायची तीच, एकटी, पोलादपूरच्या पुढे कशेडी घाटाच्या पायथ्याला असलेल्या आमच्या वाडीत, रोज दिवेलागणीला. मी तासाभराच्या अंतरावर, महाडला, भाड्याच्या दोन खोल्यांत. बायको मुलीच्या कॉलेजसाठी तिच्याबरोबर पनवेलला राहते. एकुलती एक बहीण डोंबिवलीला. म्हणजे आईच्या सगळ्यात जवळ मीच होतो.

मशीन मीच आणून दिलं होतं. आईला लिहिता येत नाही, पण मशीन मागचे आकडे तारखेसकट लक्षात ठेवतं. महिन्यातल्या एका रविवारी मी जायचो आणि ओटीवर बसून, बटण दाबत, एकेक आकडा लॅपटॉपमध्ये भरायचो. आई चहा घेऊन समोर बसायची.

"माझं आकडं बघायला आलास का मला?"

"दोन्ही, आये."

"मग मशीनच ने की महाडला. दोघं र्‍हावा सुखात."

ती हसायची, मीही हसायचो. तासाभरात काम उरकायचं आणि तीनची एसटी मिळायची.

मी एका कारखान्यात सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. तिथे दर तासाला पाणी तपासलं जातं. एका पाळीचे आठ आकडे एका गटात टाकायचे, त्यांची सरासरी काढायची आणि आठांच्या जागी एकच ठिपका मांडायचा. गट केवढा हवा हे विचारणारी एक चौकट सॉफ्टवेअरमध्ये असते. तिच्यात आकडा घातला की शेकडो ठिपक्यांचा गोंधळ जातो आणि रेघ दिसते. वरच्यांना रेघ आवडते. खरं सांगायचं तर मलाही आवडते.

आईचे आकडे पहिल्यांदा मांडले तेव्हा करवतीसारखा आलेख आला. पाच दिवस वरचा आकडा एकशे अठ्ठावीसच्या आसपास, मधूनच दोन सुटे दिवस एकशे अडुसष्ट. पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. दाते अगदी ठरावीक अंतरावर होते. ठरावीक अंतराने पाणी बिघडत असेल तर ठरावीक वेळी कुणीतरी काहीतरी सोडत असतं, हे मी कामावर नव्याने आलेल्यांना शिकवतो. असे दाते तिथे दिसले असते तर मी बूट चढवून गटारापर्यंत चालत गेलो असतो.

आईच्या बाबतीत मी मनाशी म्हटलं, पट्टा नीट बांधत नसेल. आणि चौकटीत सात घातले. एका आठवड्याचा एक गट.

दाते गेले. एकशे चाळीसच्या जरा खालून जाणारी सरळ रेघ आली. आईला प्रेशरची रोजची गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना मी तीच दाखवली. ते म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम.

बहिणीला पण तीच पाठवली. तिचा फोन येऊन गेला होता. "दादा, आईला तुझ्याकडे का नाही आणत? तू तर एकटाच असतोस."

"तिला काही झालेलं नाही. ग्राफ पाठवतो, बघ."

तिने अंगठा पाठवला. त्यानंतर दर महिन्याला मी रेघ पाठवायचो आणि ती अंगठा पाठवायची. एकटेपणाची मी बायकोकडे कुरकुर करायचो, पण त्या एकटेपणाची मला सवय झाली होती. आई आली असती तर तिच्याशी बोलावं लागलं असतं, तिच्या वेळेला जेवावं लागलं असतं. ते मला नको होतं. तिला न आणायला मला कारण हवं होतं आणि ती रेघ ते कारण होती.

नवरात्रात, सातव्या माळेला, आई मागच्या दारी पडली. शेजारच्या वहिनीने पाहिलं आणि गाडी करून तिला महाडला आणलं. उजवी बाजू गेली होती. बोलणं तोंडातल्या तोंडात अडकत होतं.

दवाखान्याच्या पायरीवर वहिनी माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "नऊ दिवस उपास, त्यात गोळी नाय. पडंल नाय तर काय हुईल?"

"गोळी का नाही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर बोलला ना, जेवल्यावर घ्यायची. उपासाच्या दिशी ती जेवते कुठं? सोमवारी नाय, गुरवारी नाय, आन् आता नऊ दिवस. तुम्हांस्नी म्हाईत नाय?"

सगळ्या वाडीला माहीत होतं.

संध्याकाळी बहीण पोचली. आईकडे बघून बाहेर आली आणि म्हणाली, "ग्राफ तर चांगला होता ना, दादा?"

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. मी म्हणालो, "हो. अचानकच झालं गं."

ती परत गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. या वेळी तारखांचे गट केले नाहीत. सगळे सोमवार एका गटात, सगळे मंगळवार एका गटात, असे सात गट केले. मिनिटभराचं काम होतं. पाच ठिपके खाली ओळीत बसले होते. सोमवार आणि गुरुवार वर उभे होते. आठवड्याच्या प्रत्येक गटात मी दोन उपास आणि पाच जेवणं एकत्र कालवली होती आणि नवरात्रात कालवायला जेवणं उरली नव्हती.

हा आलेख मी कुणालाही दाखवला नाही. डिस्चार्ज मिळाल्यावर आईला माझ्याकडे आणलं. दिवसा एक बाई येते, संध्याकाळी मी असतो. आई खिडकीशी पडून असते. एवढ्या वर्षांनी आम्ही एका घरात राहत होतो आणि बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

मग पहिल्या सोमवारी सकाळी मी मऊ भात कालवून नेला तर तिने तोंड फिरवलं.

"सोमवार हाय," ती कशीबशी म्हणाली.

"गोळी घ्यायचीय, आये. चार घास तरी खा."

"उपास मोडंल."

मी ताट खाली ठेवलं आणि लॅपटॉप तिच्यासमोर धरला. हा सोमवार, हा गुरुवार, असं बोटाने दाखवलं. हे दाते मी आधीच पाहिले होते, ते मला नको होते म्हणून पुसले, बहिणीला खोटं सांगितलं, सगळं सांगितलं. तिला किती कळलं कोण जाणे. ती बराच वेळ त्या दोन ठिपक्यांकडे बघत राहिली.

"मला इचारायचंस ना," ती म्हणाली.

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने म्हणाली, "उपास कोन करंल मग?"

"मी करतो."

तिचं तोंड डावीकडे ओढलं गेलं. ती हसत होती. "तुला? दुपारपतूर तरी निघंल का? हावरा तू."

त्या दिवशी तिने भात खाल्ला आणि मी खाल्ला नाही. ती झोपल्यावर नवा आलेख बहिणीला पाठवला, खाली चार ओळी लिहिल्या. दोन निळ्या खुणा आल्या. अंगठा आला नाही. त्यावर ती आजवर काही बोललेली नाही. फोन करते तेव्हा एवढंच म्हणते, "आईला दे."

आता सोमवार आणि गुरुवार माझे आहेत. कॅन्टीनमध्ये थट्टा होते, कुठल्या देवाला लाच देताय म्हणून विचारतात. दुपारी तीनच्या सुमाराला भूक खरंच लागते. संध्याकाळी घरी आलो की आई आधी डाव्या हाताने माझं पोट चाचपते आणि मगच घास घेते.

दिवेलागणीला मी तिच्या दंडाला पट्टा बांधतो. मशीन चालू असताना बोलायचं नसतं. पट्टा फुगतो, घट्ट होतो, सैल पडतो. तेवढा वेळ ती माझ्याकडे बघत असते. मग आकडा येतो.

"किती?" ती विचारते.

मी तिला त्या दिवसाचा आकडा सांगतो.