पक्कं वजन

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळा बाजार काटेवाले म्हणून ओळखायचा. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. माणूस सरळ, पण हट्टी. काट्यात खोट दिसली की दुकानदाराच्या तोंडावर सांगणार, मग तो चहा पाजो नाहीतर शिव्या घालो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी भावोजींना हार्ट अटॅक आला. काम करता करता छाती दाबून कोसळले, अगदी सिनेमात पडतात तसे. वाचले. तेव्हापासून त्या घरात हृदय एकट्या भावोजींनाच होतं. ताईने स्वयंपाकातलं मीठ कमी केलं, त्यांच्या गोळ्या वेळच्या वेळी हातात ठेवल्या आणि तिसऱ्या मजल्यावर सामानाच्या पिशव्या स्वतः चढवल्या. एक दोन नाही, सोळा वर्षं.

डॉक्टरांनी घरी बीपीचं मशीन ठेवायला सांगितलं होतं. पण भावोजी कुठल्या मशीनवर असा सहजी विश्वास ठेवणार? काटा तपासायचा तर ज्याचं वजन पक्कं माहीत आहे, ते आधी त्यावर ठेवून बघायचं, ही त्यांच्या धंद्याची शिस्त. म्हणून रोज सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर पट्टा आधी ताईच्या दंडाला.

"हिला कधी काही होत नाही. हे माझं पक्कं वजन," ते म्हणायचे. ताई हसायची. मीही हसायचे. आता त्या हसण्याची मला चीड येते.

गेल्या वर्षी एका सकाळी मशीनने ताईचा वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर दाखवला. भावोजींनी सेल बदलले, नळी फुंकून पाहिली, मशीन खोलून परत बसवलं. आठवडाभर तेच. मग नवीन मशीन आणलं, तर त्यानेही तेच दाखवलं.

"हल्लीचा मालच टाकाऊ," भावोजींनी निकाल दिला. ताईनेही मान डोलावली.

त्याच दिवसांत ती मला म्हणाली, "अगं, जिना चढले की जबडा दुखतो. पाठ भरून येते. अंगात त्राणच राहत नाही."

आणि मी शहाणी काय बोलले? "सत्तरीची झालीस ताई, दुखणारच. दात दाखवून घे एकदा."

तिने दाखवला. एक दाढ काढूनही आली. जबडा दुखायचा तो दुखतच राहिला.

मग एका मंगळवारी दुपारी भावोजींच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरताना तिने टेबलावर डोकं टेकलं. "जरा पडते," म्हणाली. छातीवर हात नाही, ओरडणं नाही. भावोजींना वाटलं, दमली असेल, डोळा लागला. त्यांनी पंखा लावला आणि आवाज होऊ नये म्हणून खुर्चीसुद्धा हलवली नाही. तासाभराने हाक मारली, तेव्हा ती गेलेली होती.

हॉस्पिटलमधली डॉक्टरीण पोरगेलीच होती. जबड्याचं, पाठीचं तिने सगळं ऐकून घेतलं. "हृदयाचंच दुखणं होतं ते," ती म्हणाली. "बायकांना छातीत कळ येतेच असं नाही. पाळी गेल्यावर त्यांचाही धोका वाढत जातो. पण घरात सगळ्यांचं लक्ष पुरुषाच्या छातीकडे."

भावोजींशी कडकडून भांडायचं, असं ठरवूनच मी त्यांच्या घरी गेले. पण दारातच ती काढलेली दाढ आठवली आणि भांडण तिथेच राहिलं. मला माझीच लाज वाटत होती.

भावोजींनी मांडीवर त्यांची लाकडी पेटी घेतली होती. आत काटे तपासायची पितळी वजनं, मखमलीत एकेक बसवलेली. त्यांनी किलोचं वजन उचलून माझ्या हातात दिलं.

"ही दर वर्षी सरकारी कचेरीत नेऊन तपासून आणायचो," ते म्हणाले. "पितळसुद्धा झिजतं गं. चाळीस वर्षांत एकदाही चुकलो नाही."

मी वजन धरून उभी होते. त्यांनी मशीनचा पट्टा टेबलावरून उचलला, त्याची गुंडाळी केली, पुन्हा सोडली.

"तिला मात्र एकदाही नेलं नाही."