पीटीच्या बाईंची नजर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. शाळेतल्या ज्या दोघीतिघींशी मी डब्यातल्या भाजीपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलते, त्यांच्याजवळही नाही. सात वर्षं झाली. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोरचं माणूस ओळखीचं असलं की माझी जीभ सोयीचंच तेवढं बोलते — हे मला आता चांगलं कळून चुकलंय.

आधीच सांगून टाकते, जिची ही गोष्ट आहे ती पोरगी बरी आहे. जेवते, भांडते, कामाला जाते. तेव्हा जीव मुठीत धरून वाचू नका. ती बरी आहे म्हणूनच माझा हात चालतोय. ती वाचली नसती, तर मी हे लिहिलं असतं का? नसतं लिहिलं. तेवढी छाती मला नाही.

बोईसरजवळच्या एका हायस्कूलमध्ये मी शारीरिक शिक्षण शिकवते. मुलं 'पीटीच्या बाई' म्हणतात. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. आमच्या बाहेरच्या खोलीत माझा एक फोटो लावलेला आहे — खांद्यावर शाल, हातात नारळ, शेजारी आमचे मुख्याध्यापक. पाहुणे आले की विचारतात, ही शाल कसली? मग नवरा कौतुकाने सांगतो, हिने एका मुलीचा हृदयाचा आजार नुसत्या नजरेने ओळखला. मी तेवढ्यात आत चहा टाकायला जाते. दर वेळी. पाहुण्यांना वाटतं, काय विनयशील बाई आहे.

नजर होती, हे खरं. पण कसली — तेच तर सांगायचंय.

हर्षदा जवळच्या दांडी गावची. वडील बोटीवर खलाशी, आई मासे विकते. नववीत होती तेव्हा. मी स्वतः खो-खोत जिल्ह्यापर्यंत खेळलेली, त्यामुळे चपळ पोरगी मला पहिल्या दिवशीच कळते. ही तर सुळकांडी होती. पाठलाग करणारीचा हात तिच्या पाठीला लागणार, एवढ्यात ही दुसऱ्या बाजूला. पण हे सगळं पहिली दीड-दोन मिनिटं. मग काय व्हायचं कुणास ठाऊक, ती खाली बसायची. सरळ मैदानात, मांडी घालून. "दम लागला, बाई. बसू जरा?"

मला काय वाटलं असेल? हिची आई डोक्यावर टोपली घेऊन अख्खं बोईसर पालथं घालते, आणि हिला दोन मिनिटांत दम लागतो? नाटक आहे, असं मी ठरवून टाकलं. तिच्या तोंडावर मात्र हा शब्द मी कधी काढला नाही. तेवढी मी हुशार होते. त्याऐवजी म्हणायचे, "बसल्या आमच्या महाराणी. खुर्ची आणा रे कुणीतरी."

मुलं हसायची. मुलं हसली की मला बरं वाटतं, आजही वाटतं, खोटं कशाला बोलू? आठवडाभरात सगळा वर्ग तिला महाराणी म्हणायला लागला. एकदा फळ्यावर कुणीतरी मुकुट घातलेली बाई काढली होती, खाली तिचं नाव. माझा तास होता. मी फळा पुसला नाही.

आणि फेऱ्या. बसली की मैदानाला दोन फेऱ्या जास्त, असा माझा नियम. ती पळायची. उलट उत्तर नाही, घरून तक्रार नाही. एकदा कुंपणापाशी जाऊन ओकली. मी जवळ गेले. तिचे ओठ जांभळट दिसत होते — हे मी पाहिलं होतं. पाहून काय म्हणाले? "सकाळी काहीतरी खाऊन येत जा." लोक माझ्या ज्या नजरेचं कौतुक करतात ना, ती ही.

त्या वर्षी तालुक्याच्या अंतिम सामन्यात आम्ही हरलो. हर्षदा ऐन वेळी मैदानाबाहेर जाऊन बसली, म्हणजे बाद. मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही.

मग शाळेत तपासणी आली. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर गावोगावच्या शाळांतून फिरत होते. लहानपणी घसा सुजून ताप येतो, गुडघे धरतात, पोर बरं होतं, सगळे विसरून जातात. पण काही मुलांमध्ये त्यातून हृदयाची झडप हळूहळू खराब होते आणि वरून काही कळत नाही. ते शोधायला हे लोक आले होते. सासऱ्यांच्या आजारपणात मी हृदय तपासायचं इकोचं मशीन पाहिलं होतं, चांगलं कपाटाएवढं. त्यांच्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ते खिशातून काढलं. वायरीला लावलेला एक तुकडा छातीवर ठेवायचा, की हातातल्या टॅबवर आतलं हृदय हलताना दिसतं. वेळ थोडा होता, म्हणून ज्यांच्याबद्दल शंका आहे अशी मुलं शिक्षकांनी पाठवायची होती.

मी एकच नाव दिलं. का दिलं?

घ्या, आलं शेवटी. मला ती बरी आहे असं सिद्ध करायचं होतं. डॉक्टरांनी मशीन लावून सांगावं की हिला काहीही झालेलं नाही, आणि ते सगळ्या वर्गासमोर सांगावं. मग मी तिला बघून घेणार होते. प्रयोगशाळेत पडदा लावला होता, हर्षदा आत टेबलावर झोपलेली. बाहेर एक सिस्टर वहीत नावं लिहीत होती. मी तिला म्हणाले, "हिचं रोजचं नाटक आहे. एकदा काही नाही म्हणून सांगून टाका, म्हणजे पळेल तरी." वर हसलेसुद्धा.

आत बराच वेळ लागला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि विचारलं, हिला कुणी पाठवलं? मी म्हटलं, मी. त्यांनी मला आत बोलावून टॅब दाखवला. राखाडी चित्रात एक झडप उघडत होती, मिटत होती — पण नीट मिटत नव्हती. प्रत्येक ठोक्याला रंगीत फवारा उलटा मागे येत होता. रक्त मागे येतंय, म्हणाल्या. ही मुलगी पळू शकते याचंच मला नवल वाटतं, म्हणाल्या. मी त्या फवाऱ्याकडे बघत होते आणि मनात माझ्या फेऱ्या मोजत होते.

आणि मग पडद्याबाहेर येताना त्यांनी विचारलं, "तुम्ही कसं ओळखलंत?"

खरं सांगायला एक क्षण होता. होता, मला आठवतो तो. मी म्हणाले, "इतकी वर्षं मुलं पळवतेय, डॉक्टर. नजर तयार होते."

सिस्टरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वहीत घातली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं, टाळ्या झाल्या. शाल झाली, नारळ झाला. दुसऱ्या शाळांतले शिक्षक मुलं दाखवायला आणू लागले — बाई, जरा तुमची नजर टाका. हर्षदाची आई शाळेत आली आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. "तुमी नसत्या तं माजी पोर आज नसती," म्हणाली. मी तिला उठवलं. फक्त उठवलं.

तेव्हापासून दर रविवारी ती दारात येते. मी डोक्यावरची टोपली उतरवायला हात लावते, ती ओले बोंबील काढून ठेवते, नाही म्हटलं तरी ऐकत नाही. मी ते सात वर्षं खाल्ले. घशाखाली उतरले नाहीत वगैरे म्हणणार नाही. चवीने खाल्ले.

एक गोष्ट मात्र केली. दर तीन आठवड्यांनी हर्षदाला पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागायचं, झडप आणखी बिघडू नये म्हणून. पहिली दोन वर्षं मी स्वतः तिला स्कूटरवर नेलं. ते प्रायश्चित्त होतं की पकडलं जाण्याची भीती होती? तेव्हा कळत नव्हतं, आताही सांगता येत नाही. ती मागे बसून गप्पा मारायची. महाराणीचा विषय तिने कधी काढला नाही.

यंदा तिला एकविसावं लागलं. तारापूरच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये कामाला लागली आणि जिना चढताना पुन्हा धाप लागायला लागली. इंजेक्शनांनी सांभाळलं होतं, तरी गळती वाढली होती. मुंबईच्या सर्जननी सांगितलं, झडप दुरुस्त करावी लागेल, आणि ती रोबोट वापरून करता येईल. छातीचं मधलं हाड कापायचं नाही, उजव्या कुशीत बोटभर चीर आणि तीन-चार छोटी भोकं. घशातून नळी उतरवून काढलेलं चित्र त्यांनी आम्हाला पडद्यावर दाखवलं. सात वर्षांपूर्वीचं चित्र त्यापुढे काहीच नव्हतं. हृदयाच्या आत उभं राहून वरून बघावं, तशी ती झडप दिसत होती. हवी तशी फिरवताही येत होती. कुठे जाड झाली, कुठे आखडली, सगळं. "पाण्याभायेर काडलेला मासा तोंड करते, तशी हाय," आई म्हणाली.

तिला भीती वेगळीच होती. "मशीन कापनार? आमच्या हितं दिसातून तीनदा लाईट जाते. मदीच गेली तं?"

सर्जन हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की विजेची दुहेरी सोय असते, आणि रोबोट आपणहून काही करत नाही. त्याच खोलीत कोपऱ्यात बसून मी बोटं हलवतो, तेवढेच त्याचे हात आत हलतात. गरज पडली तर नेहमीच्या पद्धतीने करायची तयारी असते. आईने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळली.

"बाई, तुमी सांगा. तुमची नजर चुकत नाय."

सांगा, तिथे मी काय करायला हवं होतं? माझ्या नजरेवर ती पोटची पोर टेबलावर झोपवायला निघाली होती — आणि ती नजर मुळात नव्हतीच. मी बोलायला हवं होतं. मनात म्हटलं, आत्ता सांगितलं तर ही घाबरून ऑपरेशनच करणार नाही. पटण्यासारखं आहे ना? पण मला माहीत आहे, ते कारण नव्हतं. मी घाबरले होते ती माझ्यासाठी. मी म्हणाले, "माझ्या नजरेचं राहू द्या, ते चित्र बघा. करून घेऊ या." तिने सही केली, ती चित्र बघून नाही. माझं तोंड बघून.

ऑपरेशनला पाच-सहा तास लागले. तिची आई माझा हात धरून बसली होती आणि मधूनमधून मलाच धीर देत होती. शेवटी सर्जन बाहेर आले. झडप तीच ठेवली होती, शिवून, भोवती कडं बसवून. त्यांनी फोनवर आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी-शेजारी दाखवलं. पहिल्यात तो उलटा फवारा होता. दुसऱ्यात नव्हता. झडप उघडत होती आणि मिटत होती, पूर्ण.

मी तिथेच फरशीवर बसले, मांडी घालून. इतकं हलकं मला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. लोक बाजूने जात होते. मला कुणी महाराणी म्हटलं नाही.

तीन महिन्यांनी, गेल्या बुधवारी, हर्षदा मैदानावर आली. हळूहळू पळायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. एक फेरी मारू का, म्हणाली. निघाली. वेग नव्हता, पण लय तीच. अर्धी फेरी झाली आणि मी शिट्टी फुंकली, "बस कर, दम लागेल." ती थांबली नाही. फेरी पुरी करून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओठ गुलाबी होते.

"नाय लागला, बाई," ती म्हणाली आणि हसली. "नाटक नाय करत."

तिच्या बाबतीत तो शब्द मी मोठ्याने एकदाच बोलले होते. पडद्याबाहेर.

"तू ऐकलं होतंस?"

"पडदाच होता, बाई."

म्हणजे टाळ्या वाजत होत्या तेव्हा तिला माहीत होतं. स्कूटरवर मागे बसायची तेव्हाही. आई बोंबील घेऊन निघायची तेव्हाही. घरी तिने सांगितलेलं नाही. का नाही सांगितलं, ते मी विचारलं नाही. अजून एक मारते, म्हणाली आणि पळत सुटली. मी शिट्टी खिशात टाकली आणि ती पळताना बघत राहिले. कितीतरी वर्षांनी मला मोकळा श्वास आला.

तिच्या आईला अजून माहीत नाही. परवा रविवार आहे. ती येईल. टोपली आधी उतरवून घेईन, डोक्यावर ओझं घेऊन तिला ऐकत उभं ठेवणार नाही. मग सांगेन — महाराणी, फेऱ्या, पडदा, सगळं. त्यानंतर तिने बोंबील काढले तर काढले. नाही काढले, तर टोपली परत डोक्यावर चढवायला हात लावीन.