मध्यस्थाची हकालपट्टी

ध्वनिसंग्रहालयात जुन्या फितींमधली खरखर आणि खोकले काढून टाकण्यात ज्यांची तीस वर्षं गेली, त्यांना कचेरीत सगळे कानसेन म्हणत. तोंडावरही म्हणत, कारण त्यांना ते आवडायचं. पंख्याची कुरकुर त्यांना तिसऱ्या खोलीतून टोचायची. बायको काय म्हणाली ते मात्र शेजारच्या खुर्चीवरूनही ऐकू यायचं नाही.

घरच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्या प्रोग्रामांचे आवाज गोळा करून, मिसळून स्पीकरकडे पोचवणारा एक प्रोग्राम होता, साऊंड सर्व्हर. कानसेन त्याला मध्यस्थ म्हणत. हा मध्ये तोंड घालतो आणि आवाज मळवतो, असं ठरवून त्यांनी त्याची हकालपट्टी केली. आता जो प्रोग्राम आधी साऊंड कार्ड, म्हणजे स्पीकरकडे जाणारा एकमेव रस्ता, बळकावेल त्याचं राज्य; बाकीचे मुके. घरातही पद्धत हीच होती, फक्त तिथलं कार्ड कायम कानसेनांच्या ताब्यात असे.

मुलगी या पद्धतीलाच कंटाळून घर सोडून गेली. बँकेतली नोकरी सोडून शिलाईचं दुकान टाकते म्हणाली, तर कानसेनांनी तिला पहिल्या वाक्यातच तोडलं. पुढची दोन वर्षं बायको इकडचं तिकडे पोचवत राहिली, दोन्हीकडचे टोमणे गाळून. अखेर मुलगी कबूल झाली: रविवारी अकराला व्हिडिओ कॉल, बाबांशी थेट, एकदाच. जमलं नाही तर पुन्हा गळ घालू नकोस, असं तिने आईला बजावलं.

"अहो, आज त्या कॉम्प्युटरला हात लावू नका," बायकोने सकाळीच सांगितलं.

असं म्हटल्यावर हात शिवशिवणारच. लेकीचा आवाज स्वच्छ यावा म्हणून कानसेनांनी स्पीकर तपासायला एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं आणि समाधान झाल्यावर थांबवलं. थांबवलं, बंद केलं नाही. थांबवलेला प्रोग्राम गप्प बसतो, पण कार्ड सोडत नाही. हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि लेकीच्या कॉलच्या गडबडीत नेमकं तेच ते विसरले.

अकराला लेक पडद्यावर आली. वाळली होती. बोलू लागली, पण आवाज काही येईना.

"तुझा माइक बंद आहे," कानसेन म्हणाले. ती नाही म्हणून मान हलवत पुन्हा बोलू लागली. "अगं, माइक! सेटिंगमध्ये जा. नोकरी सोडलीस ती सोडलीस, निदान एक बटण तरी..."

ती बोलतच राहिली. मध्येच तिने डोळे पुसले. कानसेन तिला बटण कुठे असतं ते समजावत होते.

बायकोने मागून पडद्याच्या तळाशी बोट ठेवलं. ते थांबवलेलं ध्वनिमुद्रण तिथे तसंच होतं. कानसेनांनी ते बंद केलं.

"...एवढंच सांगायचं होतं, बाबा."

स्पीकर उत्तम होते. हुंदकासुद्धा स्वच्छ आला.

"काय म्हणाली गं ती?" कानसेनांनी बायकोला हळूच विचारलं.

"मला काय ठाऊक? आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. दोन वर्षं निरोप पोचवले, आता पुरे," म्हणत ती आत निघून गेली.

लेकीने कॉल बंद करायला हात पुढे केला.

"थांब!" कानसेन घाईघाईने म्हणाले. "तुझा माइक ठीक आहे गं. चूक माझीच. पुन्हा पहिल्यापासून बोल."

"मध्येच तोडणार नाही?"

कानसेनांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि नाही म्हणून नुसती मान हलवली.