विहिरीकडून निघालेले बाण

जानेफळचा प्रशांत पाच आठवड्यांपूर्वी, सोमवारी सकाळी, राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय एकोणचाळीस. मी डोणगावला होतो. त्याचे वडील दादाराव फोनवर एवढंच म्हणाले, "प्रशांत गेला... तू ये."

मेहकरला आम्ही एका वर्गात होतो. मी वार्ताहर झालो. तो पुण्यात काही वर्षं मोबाइल ॲप बनवून गावी परतला. इथे त्याने रक्तदात्यांचं ॲप केलं. रक्तगट टाकला की जवळच्या दात्यांचे नंबर दिसत, रेंज नसली तरी. त्यातला मजकूर मी तपासत असे. ॲपच्या कोणत्याही भागाने स्वतःला लागणारी गोष्ट स्वतः तयार करायची नाही, ती त्याला बाहेरून पुरवायची, ही त्याची कामाची पद्धत. तिला डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणतात. कोणाला कोणाची गरज आहे हे एका नजरेत दिसावं म्हणून त्याने खोलीच्या भिंतीवर कागद जोडून नकाशा काढला होता. प्रत्येक भाग म्हणजे एक गोल. बाण प्रथेप्रमाणे, गरज असलेल्याकडून पुरवणाऱ्याकडे. शेतात ठिबकच्या नळ्या स्वतः अंथरणाऱ्या दादारावांनी तो पाहिला.

"पाणी उलटं काऊन चालवलं बे? झाड इहिरीले पाणी देते काय?"

"बाबा, पुण्यात असंच काढतात."

"मंग पुण्यातच लाव तो कागद."

प्रशांत हसला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवा नकाशा होता, सगळे बाण फिरवलेले. हे माझ्यासमोर झालं होतं. नंतर मी ते विसरलो.

तो गेला तेव्हा नव्या फोनवर ॲप उघडत नव्हतं आणि दुरुस्ती अर्धवट होती. त्याच्यासोबत पूर्वी काम केलेली लोणारची स्नेहल तिसऱ्या आठवड्यात जानेफळला आली. नकाशात एका गोलातून बाण नुसते बाहेर जात होते, आत एकही येत नव्हता. प्रथेप्रमाणे वाचून, म्हणजे याची गरज कोणालाच नाही, असं तिने धरलं आणि चाचणीच्या प्रतीतून तो भाग काढला. आता ॲप जुन्या फोनवरही उघडताच बंद पडू लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कारण सापडेना. "काका, हे नाही जमलं तर ॲप बंदच करावं लागेल," ती म्हणाली. दादाराव चहा घेऊन आले होते.

"काढलं काय तुनं?"

तिने गोलावर बोट ठेवलं.

दादारावांनी त्यातून निघणाऱ्या बाणांवरून बोट फिरवलं. "अवो पोरी, इहीरच बुजवली तू."

तो गोल म्हणजे फोनमध्ये साठवलेली दात्यांची यादी. बाकी सगळे भाग तिच्यावर चालत. स्नेहलने तो भाग परत जोडला, नकाशा पाण्याच्या दिशेने पुन्हा वाचला. मूळ चूक त्याच संध्याकाळी सापडली.

ॲप नव्या फोनवर उघडलं. ओ निगेटिव्हच्या यादीत पहिलं नाव प्रशांतचं होतं. दादारावांना विचारून स्नेहलने ते काढलं. नकाशा भिंतीवर आहे. बाण स्नेहलने पुन्हा प्रथेप्रमाणे फिरवले नाहीत.