पाण्यात सोडलेला ड्रायव्हर

पेणच्या एसटी स्टँडामागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तेव्हाही भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण मेलेल्या कंपन्या मी रोज बघत होते आणि त्या चक्क बोलत होत्या.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत. मासिकात पानभर जाहिरात, गावात टायवाला माणूस, उद्घाटनाला पेढे. वर्ष-दीड वर्ष धूमधडाका चाले आणि मग एक दिवस कळे, की कंपनीने गाशा गुंडाळला. बोर्ड उतरे आणि त्याच गाळ्यात कुणीतरी साडीला फॉल-बिडिंग करू लागे. गिऱ्हाइकाच्या घरी मात्र बटण दाबलं, की त्याच कंपनीचं चिन्ह झोकात फिरत स्क्रीनवर येई आणि खाली अक्षरं उमटत, की आपलं स्वागत आहे, काही अडचण आल्यास आम्हाला फोन करा. एकदा वैतागून मी तो फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली, मग कुणीतरी उचलला. पलीकडून एक शब्द आला नाही, नुसता पंखा फिरल्याचा आवाज येत होता. मीच मुकाट्याने ठेवून दिला, आणि मी मुकाट्याने काही करणारी बाई नाही.

या कंपन्या मेल्या, की माझ्यासारखीच्या मागे ड्रायव्हरचं झेंगट लागे. ड्रायव्हर म्हणजे काय हे लोकांना समजावताना माझा घसा कोरडा पडायचा. मशीनमध्ये आवाजाचं कार्ड बसवलंय, स्पीकर जोडलेत, वीज आहे, तरी मशीनला त्या कार्डाची ओळख करून देणारा एक छोटा प्रोग्राम लागतो. तो ड्रायव्हर. तो नसला, की कार्ड असून नसल्यासारखं. तो कंपनी फ्लॉपीवर द्यायची. इंटरनेट काही आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. म्हणजे कंपनी गेली आणि वर फ्लॉपीही हरवली, की मशीन जन्माचं मुकं.

पेणजवळच्या जोहे गावातली एक बाई दुकानात आली तेव्हा मी असंच कुणावर तरी खेकसत होते. पंचविशीची असेल. कपाळ मोकळं होतं. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत ती कोपऱ्यात उभी राहिली.

"आमच्या कॉम्पुटरचा आवाज गेलाय," ती म्हणाली. "त्यात ह्यांचा आवाज भरलेला हाय. सासूला ऐकायचाय."

तिचा नवरा रोह्याच्या केमिकल कंपनीत शिफ्टला होता. घरचा धंदा गणपतीच्या मूर्ती घडवायचा, पण ह्याला मशीनची आवड. बोनसमध्ये स्पीकर आणि माइकसकट कॉम्प्युटर घेतला होता. मागच्या हिवाळ्यात रोह्याहून येताना हायवेवर अपघातात गेला. पुढे कुणा पाव्हण्याने शहाणपणा करून त्या मशीनवर विंडोज नव्याने टाकलं, आणि आवाज गेला तो गेलाच.

"आणि तुम्हाला?" मी विचारलं. "तुम्हाला नाही ऐकायचा?"

"मला नको. मला झोपेत येतो ऐकू," ती म्हणाली. बाजारभाव सांगावा तशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जोह्याला गेले. कारखाना म्हणजे घराला लागून पत्र्याची लांब शेड. आत दाराशी थबकले. अर्ध्या शेडमध्ये गणपती उभे होते, अंगाला रंग लागलेले, सोंडेवर नक्षी झालेली, पितांबर झालेलं, फक्त डोळ्यांच्या जागी पांढरं. एवढ्या चेहऱ्यांनी तोंड आपल्याकडे केलेलं असावं आणि एकानेही बघू नये, याने मला कसंसंच झालं. त्यांच्या मधोमध पाटावर एक म्हातारी बसली होती. हातात बारीक ब्रश. मी नमस्कार केला. तिने मान वर केली नाही. पुन्हा केला. पुन्हा नाही. मला राग यायला वेळ लागत नाही, तो आलाच.

सुनेने माझा दंड धरला. "एक डोळा झालाय," ती कुजबुजली. "दुसरा होईस्तोवर आई बोलत नाय, उठत पण नाय. देवाला एका डोळ्यावर ठेवून माणसाशी बोलायचं नाय, अशी आमच्याकडची रीत हाय."

आम्ही उभ्या राहिलो. म्हातारीने दुसरा डोळा पुरा केला, ब्रश खाली ठेवला आणि मग माझ्याकडे पाहिलं. "ये गो पोरी," ती म्हणाली. "च्या घेतेस?"

मशीन शेडच्या टोकाला टेबलावर होतं, वर गणपतीला झाकायचं प्लास्टिक. बटण दाबलं. मेलेल्या कंपनीचं चिन्ह फिरत आलं, आपलं स्वागत आहे. आवाजाच्या कार्डापुढे पिवळं प्रश्नचिन्ह. फाइल मात्र जागेवर होती. मी हार्ड डिस्क काढून दुकानात नेली आणि माझ्या मशीनला जोडून पाहिली. तिथेही वाजेना. कंपनीने स्वतःच्या कार्डासाठी स्वतःचीच रीत काढलेली. आवाज अशा पद्धतीने दाबून भरलेला, की तो त्याच कार्डाने आणि त्याच ड्रायव्हरनेच उलगडावा. अशा हुशार लोकांची कंपनी बुडाली याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

डिस्क परत घेऊन गेले आणि म्हातारीला विचारलं, "मशीनबरोबर दोन फ्लॉप्या आल्या असतील. चौकोनी, काळ्या."

"व्हत्या की. त्याच्या ब्रशांच्या डब्यातच असायच्या. दसऱ्याला त्यानं हत्यारांबरोबर त्यांची पण पूजा केली. हळद-कुंकू लावलं."

"मग द्या ना."

"आता कुठून देऊ गो?" म्हातारी म्हणाली. त्यांच्या घरात माणूस गेला, की त्याचे ब्रश दुसरं कुणी हातात घेत नाही, पाण्यात सोडतात. हळद-कुंकू लागलेलं कचऱ्यात टाकता येत नाही. तिने मुलाचा डबाच्या डबा निर्माल्यात बांधून खाडीत सोडला होता.

मला हसू यायला हवं होतं. ड्रायव्हरचं विसर्जन केलेलं गिऱ्हाईक मला त्याआधी भेटलं नव्हतं, नंतरही नाही. पण ती म्हणाली, "म्हंजे त्याचा आवाज मीच बुडवला व्हय?" आणि मी मशीनवरचं प्लास्टिक उगाच सारखं करत बसले.

दुकानात जुन्या फ्लॉप्यांचं एक खोकं होतं. त्यात त्याच कार्डाच्या थोरल्या भावाचा म्हणावा असा एक ड्रायव्हर सापडला. चालेल न चालेल, पण बघू म्हटलं. जोह्याला जाऊन टाकला. प्रश्नचिन्ह गेलं. मी फाइल लावली. म्हातारी पाटावरून उठून टेबलापाशी आली, सून दाराशीच थांबली.

स्पीकरमधून आवाज आला, पण तो माणसाचा म्हणवत नव्हता. जाडा, ओढलेला, विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसा. शब्द कळत नव्हते. एक लांब हुंकार, मग शांतता, मग पुन्हा हुंकार. माझ्या लक्षात आलं, की ड्रायव्हर चुकीच्या वेगाने उलगडतोय, सगळं निम्म्या चालीने चाललंय. मी ते सांगायला वळले. म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हा माझा पोरगा नाय," ती म्हणाली. "हा त्याचा बाप."

तिचा नवरा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरात कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी.

"आजारपणात असाच बोलायचा तो," ती म्हणाली. "घशात अडकलेलं. बंद कर गो. त्याला कशाला उठवलंस?"

मी बंद केलं. वेग चुकल्याचं समजावून सांगितलं, आवाज जाड का होतो तेही सांगितलं. तिने मान हलवली, पण तिचं लक्ष नव्हतं. ती शेडमधल्या पांढऱ्या डोळ्यांच्या गणपतींकडे बघत होती. मला एकटीला स्टँडकडे चालत जाताना दोनदा मागे वळून बघावंसं वाटलं, आणि मी बघितलं, खोटं कशाला बोलू. मागे भाताची खाचरं तेवढी होती.

खरं तर मी तिथेच हात टेकायला हवे होते. पण तिच्या मनात आता पोराच्या जागी नवऱ्याचं दुखणं बसलं होतं, आणि ते मी बसवलं होतं. मला ते सहन होईना. त्या कंपनीची मशीनं रोह्याचा एक डीलर विकायचा हे मला ठाऊक होतं. सकाळच्या पॅसेंजरने रोहा गाठलं.

डीलर दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसला होता. आता पाण्याचे फिल्टर विकत होता. कंपनीचं नाव काढल्यावर त्याने हात जोडले. "ताई, जखमेवर मीठ नका चोळू." पण ड्रायव्हर म्हटल्यावर उठला आणि मागच्या खोलीचं कुलूप काढलं.

आतून बाई बोलत होती. गोड, घोटीव हिंदीत. आमच्या परिवारात आपलं स्वागत आहे, असं म्हणत होती. मी मागे सरकले.

"घाबरू नका," डीलर म्हणाला. "डेमोचं मशीन हाय. कंपनीचा माणूस लावून गेला तसंच हाय. लाइट गेली तर बॅटरीवर चालतं, लाइट आली की परत चार्ज होतं. मी बंद करत नाय. एकदा बंद केलं न् परत चालू नाय झालं तर?"

"पण चालू ठेवून करायचं काय?"

त्याने खांदे उडवले. "एवढंच उरलंय ना कंपनीचं."

बंद खोलीत, रिकाम्या खोक्यांच्या ढिगापुढे ती बाई कोण जाणे किती काळ स्वागत करत होती. भिंतीवर बुरशी चढली होती. स्क्रीनवर कंपनीची इमारत, तिच्यासमोर कारंजं आणि कारंज्यापाशी उभी ती बाई. मशीन त्याच जातीचं, जोह्यासारखंच. कार्डही तेच. मी फ्लॉपी घालून ड्रायव्हरच्या फाइली उतरवायला घेतल्या. बाई बोलतच होती. शेवटची फाइल उतरली आणि ती वाक्याच्या मध्येच गप्प झाली. चित्र हलत होतं, ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"आवाज नेलात वाटतं," डीलर म्हणाला.

मी त्याला सांगितलं, की नक्कल केल्याने मूळ कमी होत नाही. कार्ड जुनं आहे, तापून तापून गेलं असेल, आजच जायचं होतं म्हणा. हे सगळं खरं आहे. पण फ्लॉपी पर्समध्ये ठेवताना मी ती रुमालात गुंडाळली, आणि परतीच्या गाडीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसले.

जोह्याला पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. म्हातारी नको म्हणाली. परत तो बाप आला तर? सूनच म्हणाली, "आई, एकदा. मी हाय ना." आणि मागच्या वेळी दाराशीच थांबलेली ती सासूच्या शेजारी येऊन बसली. मी जुना ड्रायव्हर काढला, नवा टाकला, फाइल लावली.

"हॅलो. हॅलो."

तरुण आवाज, थोडा नाकातला, थोडा शिष्ट. सुनेने पदर तोंडात धरला. म्हातारीने मात्र लगेच मान हलवली, हा, हाच.

"आये, हिकडं ये गो. बोल काय तरी ह्यात."

मग काही नाही. लांब कुठेतरी कोंबडं ओरडलं.

"आये."

पुन्हा काही नाही. मग तो हसला. "एक डोळा झालाय व्हय? कर, कर. मी थांबतो."

त्यानंतर शब्द नव्हते. फाइल मात्र चालूच होती. खुर्ची करकरली. तो बारीक शीळ घालू लागला, मग तीही थांबली. नुसता त्याचा श्वास येत राहिला, माइकच्या अगदी जवळून. तो खरोखरच थांबला होता.

म्हातारी उठली. टेबलाशी गेली, माइक कुठला आणि स्पीकर कुठला हे तिला कळत नव्हतं, तिने स्पीकरलाच हात लावला.

"झाला रे दुसरा," ती म्हणाली. "बोल आता."

स्पीकरमधून श्वास येत होता. तिने परत विचारलं नाही. मी काही सांगायला पुढे झाले, तेव्हा तिने मला हाताने गप्प राहायला सांगितलं, खुर्ची ओढून घेतली आणि त्याच्याबरोबर थांबून राहिली.