भन्तेजींचं जेवण

आमच्या शेजारच्या मावशी विहारातल्या भन्तेजींना आग्रहानं जेवायला बोलावतात आणि उपाशी ठेवतात. भन्तेजींना दुपारी बारानंतर जेवण चालत नाही. मावशी मात्र वरणाचा डाव ताटावर तसाच धरून विचारतात, "आत्मा न्हाई म्हंता, मंग पुढच्या जल्माला जातं कोन?" बिचाऱ्या भन्तेजींचा एक डोळा डावावर, एक घड्याळावर.

कुंपणापलीकडचे चाचा एका पीरसाहेबांचे मुरीद, म्हणजे शिष्य. त्यांना हे बघवत नाही. "मावशी, गुरूपुढं मानसानं मुडदा व्हावं. ते न्हाऊ घालतील तसं न्हावं."

"मुडद्याला प्रश्न पडत न्हाईत, चाचा. मी जित्ती हाय."

गेल्या महिन्यात हे भन्तेजी दुसऱ्या गावी गेले आणि आमच्या बेलापुरात नवे आले. मावशींनी त्यांना मुकाट्यानं वाढलं. साडेअकरालाच ते तृप्त होऊन, आशीर्वाद देऊन गेले. मावशी सुधारल्या म्हणून मला हायसं वाटलं.

चाचांनी कुंपणावरून विचारलं, "काय मावशी, आज तुमीच मुडदा?"

मावशी डाव घासत म्हणाल्या, "आदी भरवसा तर बसू द्या. मंग ठेवीन उपाशी."