एका मारुतीला दोन नवस

एकाच मारुतीला, एकाच पोरासाठी, एकमेकांच्या उलट नवस बोलणारे नवरा-बायको आमच्या वस्तीत एकच होते आणि ते माझे मायबाप होते.

पोरगा म्हणजे मी. चांदा जिल्ह्यात माजरीच्या बाजूला एक कोळशाची खाण होती. बाप तिथं लाकूडवाला, म्हणजे जमिनीखाली छताला बल्ल्यांचे टेकू लावणारा. देशाला स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, पण आमच्या वस्तीत मॅट्रिक झालेला माणूस अजून मिळाला नव्हता. तो मी झालो! आणि बाजारात बैल उभा करावा तसं दोन्हीकडचे लोक माझे दात बघू लागले.

सकाळी मॅनेजरसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. साहेब दूर उत्तरेकडचे, बोलणं सगळं हिंदीत. "हाजिरीबाबू बनोगे? कुर्सी मिलेगी. पंखे के नीचे!"

मी म्हटलं, "जी साहेब."

संध्याकाळी इस्माईलचाचा घरी आले. चाचा खाणीच्या भट्टीवरचे लोहार आणि युनियनचे अध्यक्ष. "बेटा, युनियनचा सेक्रेटरी हो. आमच्यात लिवणारा कोनी नाई. लोकं खाणीत अनवाणी उतरून राह्यले, बुटाची मागणी मांडाले तरी कोनी पायजे का नाई?"

मी म्हटलं, "हो चाचा."

(मला नाही म्हणता येत नाही. याच गुणापायी पुढं आमच्या घरात एक आंधळी बकरी आणि बिनचाकाची सायकल आली, पण ते असो.)

आता झालं असं की मायनं मारुतीला नवस बोलून ठेवला होता : पोरगा बाबू झाला तर रोडगे करीन. (रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे.) आणि बापानं त्याच मारुतीला नवस बोलून ठेवला होता : पोरगा युनियनचा झाला तर रोडगे करीन. मी दोघांनाही 'हो' म्हटल्यामुळे मारुतीनं दोन्ही नवस पुरे केले! देवाची यात काही चूक नाही. शुक्रवारी दोघंही कणीक घेऊन एकाच वेळी दारात उभे राहिले, तेव्हा कुठं घोळ उघडा पडला.

"अवो, एवढी कणीक काऊन आनली?" मायनं विचारलं.

"उद्या रोडगे हाये. नवस फेडाचा हाये."

"ते तं माह्ये रोडगे हाये! पोरगा बाबू झाला म्हून!"

"बाबू? कोन बाबू? तो तं सेक्रेटरी झाला!"

दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं गुंड उचलला आणि पाणी आणायला नाल्याकडे निघालो. गुंड भरलेला होता.

आवतनं तर केव्हाच गेली होती. बापानं सगळी युनियन बोलावली होती. माय बंगल्यावर जाऊन खुद्द साहेबाला जेवायला सांगून आली होती! आणि नवसाच्या जेवणाचं आवतन आमच्याकडे परत घेत नाहीत. त्यातून आमच्याकडची रीत अशी की ज्याच्यासाठी नवस, त्यानंच मारुतीपुढं नारळ फोडायचा आणि मोठ्यानं सांगायचं : देवा, हे मागितलं होतं, हे मिळालं. तोवर रोडगा कोणी तोंडाला लावत नाही.

म्हणजे दोन्ही पार्ट्यांसमोर मलाच बोलायचं होतं. रात्रभर मी मारुतीला तिसरा नवस बोलत होतो : देवा, मला ताप येऊ दे. (आला नाही. त्याचे नवस पुरे करण्याचे दिवस संपले असावेत.)

शनिवारी नाल्याकाठी, मारुतीपुढच्या मोहाच्या झाडाखाली गोवऱ्या पेटल्या. निखाऱ्यांत रोडगे ठेवून वरून राखेनं झाकले. वांग्याची भाजी उकळू लागली. एका बाजूला युनियनवाले बसले, दुसऱ्या बाजूला जीपमधून साहेब उतरले. साहेब म्हणाले, "ये सब लोग मेरे स्वागत को आए हैं?" चाचांनी साहेबाला पाहिलं आणि बापाला विचारलं, "हा काऊन आला?" बापानं मायकडे पाहिलं. मायनं वांग्याच्या भाजीत उगाच आणखी तिखट टाकलं.

"चल पोरा, फोड नारळ," बाप म्हणाला.

मी नारळ हातात घेतला. शेंडी सोलली. पुन्हा सोलली. मारुतीला पाणी घातलं. शेंदूर लावला. फूल वाहिलं. पुढं करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मारुतीला प्रदक्षिणा सुरू केल्या!

"अबे, लगन लावून राह्यला का नारळ फोडून राह्यला?" कोणीतरी ओरडलं.

शेवटी साहेबांनाच दया आली. नव्या बाबूला धीर द्यायला ते उठले, देवापुढं जायचं म्हणून बूट-मोजे काढले आणि माझ्याकडे निघाले. मीही अदबीनं हात करून म्हटलं, "इधर से आइए साहेब!" आणि त्यांना सरळ रोडग्यांच्या राखेवरून आणलं!

आमच्याकडचं शेंबडं पोरही ओळखतं की रोडग्याची राख वरून थंड आणि आतून रखरखीत असते. साहेबाला कुठून माहीत? आणि मला माहीत असून काय उपयोग!

"अरे बाप रे! जल गया! जल गया!" साहेब एका पायावर नाचू लागले. युनियनवाले धावले. भांडण बाजूला ठेवून त्यांनी साहेबाला उचलून खांद्यावर घेतलं. पण खांद्यावर माणूस घेतला की या मंडळींना एकच गोष्ट माहीत! मागून सवयीनं कोणीतरी ओरडलं, "इन्किलाब!"

"जिंदाबाद!" सगळी पंगत गर्जली. टोपी पडू नये म्हणून साहेबांनी ती हातात उंच धरली होती, त्यामुळे मोर्चा तेच चालवत आहेत असं वाटत होतं.

मायनं त्यांना खाटेवर बसवलं आणि पायाला कोरफड लावली. साहेब कळवळत होते. "बहुत दर्द है, माँजी. अब चलूँगा कैसे?"

मायचा हात थांबला. चारचौघांत कधी नवऱ्याकडे मान वर करून न पाहणारी माझी माय उठली, बापाला हाताला धरून आणलं, खाली बसवलं आणि त्याचा पाय सगळ्यांसमोर आपल्या मांडीवर घेतला.

"हे पाहा साहेब. तुमच्या पायाले आज एक चटका बसला. लगन झाल्यापासून मी या पायातल्या कोळशाच्या चिपा सुईनं काढून राह्यली. सांगा, हा कसा चालत असन?"

बाप लाजून लाल झाला होता. "सोड ना वो, लोकं पाहून राह्यले," एवढंच पुटपुटला.

माय माझ्याकडे वळली. डोळे भरले होते, आवाज मात्र खणखणीत. "पोरा, फोड नारळ. अन खरं सांग."

मी नारळ आपटला. "मारुतीराया, मी युनियनचा सेक्रेटरी झालो! पयली मागणी बुटाची!"

"गेली बाई खुर्ची," माय पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अन पंखाही. चला, बसा पंगतीले, रोडगे थंडे होऊन राह्यले."

साहेब खाटेवरच जेवले. जाताना चाचांच्या खांद्याचा आधार घेत म्हणाले, "लड़का तो गया. बूट की बात सोमवार को करेंगे."

ती बात बरेच महिने चालली, भांडणं झाली, पण बूट आले. त्या दिवशी बापाला सुट्टी होती. तरी तो बूट घालून सगळ्या वस्तीतून, ज्याच्याकडे काम नाही त्याच्याही दारावरून, खाटखाट चालत गेला. माय मागून ओरडत होती, "घरात तरी काढा वो!" पुढं मी पुष्कळ मागण्या मांडल्या, काही जिंकलो. पण त्या दिवसाचा बाप आठवला की अजून माझी छाती फुगते.

विजयसभेत सगळी खाण बूट वाजवत बसली होती. पहिल्या रांगेत माझ्या जागेवर लागलेला नवा हाजिरीबाबू होता. त्याला खुर्ची, पंखा आणि वर बूटही मिळाले होते. हजेरीवर नाव असेल त्यालाच बूट, असं मागणीत मीच लिहिलं होतं, आणि सेक्रेटरीचं नाव काही हजेरीवर नसतं! बुटाशिवाय माणसाचे कसे हाल होतात यावर मी जोरदार भाषण केलं, अनवाणी.